बत्तीस रेघांचा चोर

तुमच्या घरातला सगळ्यात जुना कम्प्युटर किती वर्षांचा? दहा? बारा? हॅ! आज भेटूया चाळिशी ओलांडलेल्या आजोबांना.

१९८२ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या सिंक्लेअर कंपनीनं झेडएक्स स्पेक्ट्रम काढला. काळा, वहीएवढा, रबरी बटणांचा. स्वतःचा पडदा नाही, घरचा टीव्हीच जोडायचा. जास्तीत जास्त मेमरी ४८ केबी. मोबाइलवरचा ३ एमबीचा एक फोटो ठेवायला असे साठेक स्पेक्ट्रम लागतील! पुढे त्याला टणक बटणं आली आणि तो ‘स्पेक्ट्रम प्लस’ झाला. १९८६ पासून भारतात डेसिबेल्स कंपनीनं तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावानं विकला. काही हजारच खपले, त्यामुळे आता एखादा माळ्यावर सापडला तर चंगळच.

समजा, सापडला. लगेच स्विच दाबू नका हं! आधी अडॅप्टर बघा. हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांच्या पिनेत मधोमध ‘अधिक’ असतं, स्पेक्ट्रमला मात्र तिथे ‘उणे’ लागतं. उलटा जोडला की आजोबा गचकलेच. झाकणही अलगद उचलायचं. बटणांखालच्या प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या इतक्या वर्षांत कडक झालेल्या असतात, ओढल्या की कडकन तुटतात. (नव्या मिळतात, पण उगाच कशाला?)

आता टीव्ही जोडून चालू करू. सगळं ठीक असेल तर पडद्यावर खाली कंपनीचं नाव आणि १९८२ हे साल उमटतं. पण कधी कधी दिसतात नुसत्या उभ्या रेघा, कंगव्याच्या दातांसारख्या. मोजा बरं. बत्तीस?

मग चोर जवळजवळ सापडलाच! स्पेक्ट्रमचं चित्र म्हणजे आडव्या ओळीत २५६ ठिपके. आठ-आठ ठिपक्यांचा एक गट, असे ३२ गट. आणि चित्र साठवणाऱ्या चिपाही आठच. गटातला पहिला ठिपका एका चिपेकडे, दुसरा दुसरीकडे, असं वाटून दिलेलं काम. एक चिप रुसली की प्रत्येक गटातला तिचाच ठिपका बिघडतो, ओळीमागून ओळ. झाली रेघ! गटातल्या आठांपैकी कितवा ठिपका बिघडलाय ते बघायचं आणि सर्किटच्या नकाशात ती चिप शोधायची. हल्लीच्या कम्प्युटरमध्ये असा चोर नुसत्या डोळ्यांनी पकडून दाखवा! म्हणून तर मला हे आजोबा फार आवडतात.

पण चिप बदलण्याआधी ती का मेली, हे बघायला हवं. या चिपांना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात: +५, +१२ आणि −५. त्यातलं −५ गायब झालं, तर नवी चिपही जळते. म्हणून आधी मल्टिमीटर, मग सोल्डरिंग. हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचं. जुन्या चिपेचे सोळाही पाय कापायचे, एकेक पाय तापवून चिमट्यानं उपटायचा आणि तिथे सॉकेट बसवायचं. पुन्हा चिप गेली तर नुसती काढायची, घालायची.

आणि मग गेम! तो कॅसेटवर असतो. टेपरेकॉर्डर लावला की किर्रर्र किंचाळी, पडद्याच्या कडेला आधी लाल-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे. मोठा गेम भरायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी टेपला धक्का मारला, की रिवाइंड करून पहिल्यापासून!