शर्यतीत जिंकले ब्रेकने

साताऱ्याकडून पुण्यात येताना जुना बोगदा ओलांडला, की कात्रजच्या घाटाचा उतार सुरू होतो. येथे चालकाची कसोटी वेग वाढविण्यात नव्हे, तर तो आवरण्यात लागते. ब्रेक दाबताच गाडीच्या गतीतील ऊर्जेची उष्णता होते आणि ती हवेत विरून जाते. ब्रेक फार तापले, तर त्यांची पकडही सैल होते. शर्यतीतही नेमका हाच प्रश्न असतो. जग्वार या आलिशान मोटारींच्या कंपनीला शर्यतींनी दिलेले सर्वांत मोलाचे धडे याच प्रश्नाशी निगडित आहेत.

फ्रान्समधील ल मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीत १९५३ मध्ये जग्वारच्या 'सी-टाइप' मोटारी डिस्क ब्रेक लावून उतरल्या. ड्रम ब्रेकपेक्षा ते लवकर थंड होत. त्यामुळे वळण अगदी जवळ येईपर्यंत वेग राखता येई. जग्वारने ती शर्यत जिंकली. १९५७ मध्ये कंपनीच्या 'एक्सके १५०' या रस्त्यावरील मोटारीलाही डिस्क ब्रेक मिळाले. आज साध्या मोटारींच्या पुढच्या चाकांनाही ते असतात.

फॉर्म्युला वनचा अनुभव मात्र निराळा ठरला. फोर्डच्या मालकीत असताना २००० ते २००४ या पाच हंगामांत जग्वारला एकही विजय मिळाला नाही. दोनदा तिसरा क्रमांक, एवढीच कमाई. इंजिन कॉसवर्थचे होते आणि विक्रीच्या गाड्यांशी त्या मोटारींचे नाते नावापुरतेच होते. अखेर संघ रेड बुलला विकण्यात आला.

टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतली. २०११ पासून तिच्या गाड्यांची जुळणी पुण्यातही होऊ लागली. २०१६ मध्ये जग्वार विजेवरील मोटारींच्या 'फॉर्म्युला ई' शर्यतीत उतरली. या मोटारींचा वेग कमी करताना विद्युत मोटरच जनित्राचे काम करते आणि वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परतते. २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या मोटारींत शर्यतीला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा अशी मिळविण्याची योजना होती. २०२४ मध्ये जग्वारने सांघिक विजेतेपद पटकावले.

त्याआधीच, २०१९ च्या अखेरीस, 'आय-पेस' मोटारींच्या शर्यतींतील अनुभवावरून कंपनीने त्या गाडीची संगणक प्रणाली सुधारली. बॅटरी तीच ठेवून गाडीचा पल्ला २० किलोमीटरपर्यंत वाढल्याचे कंपनीने सांगितले.

शर्यतीवरचा अफाट खर्च केवळ करंडकांनी भरून निघत नाही. शर्यतीचा प्रश्न आणि घाट उतरणाऱ्या चालकाचा प्रश्न एकच असेल, तेव्हाच तो सार्थकी लागतो.