वरणभातात बुडालेले हात

उष्टावणीच्या दिवशी मामा सोन्याच्या अंगठीने खीर चाटवतो, फोटो निघतात, बाळ कसं गोजिरवाणं दिसतं! पुढे तीन-चार महिने सरले की तेच बाळ वरणभातात कोपरापर्यंत हात घालतं आणि घरात रोजची लढाई सुरू होते.

आमची नात दहा महिन्यांची आहे. मऊ भात ती आधी मुठीत दाबते, बोटांच्या फटींतून निघणारी शितं निरखते, थोडी केसांना लावते आणि उरलीसुरली तोंडात घालते. सून विचारते, "आई, पोटात काही गेलं का हिच्या?" तिची काळजी खरी आहे. शिवाय कामावरून दमून आलेल्या बाईने सांडलेलं पुसायचं, त्यात हौस कसली?

तरी मी नातीच्याच बाजूची. नऊ महिन्यांच्या सुमारास अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमू लागते. शीत उचलणं हा तिचा तेव्हाचा मोठा पराक्रम. पुन्हापुन्हा चमचा खाली टाकणं हाही खोडसाळपणा नव्हे. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांना न्याहाळून लिहून ठेवलंय, की वस्तू निरनिराळ्या तऱ्हेने टाकून ती कशी पडते, हे मूल तपासत असतं.

क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९२८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुकतं दूध सुटलेल्या बाळांपुढे साधे पदार्थ ठेवले आणि काय, किती खायचं ते त्यांच्यावर सोपवलं. सांडलवंड भरपूर झाली, पण बाळं चांगली वाढली. अर्थात त्या ताटात बिस्किटं, वेफर्स नव्हते, हे विसरायचं नाही!

म्हणून आम्ही वाटीत दोनच घास वाढतो, खाली जुनी चादर पसरतो आणि आंघोळ जेवणानंतर ठेवतो. तोंड फिरवलं, सगळंच भिरकावलं, की भूक संपली असं समजून वाटी उचलायची. रागवायचं नाही, हसायचंही नाही. हसलं की तो खेळ होतो. नवी चव आठ-दहा वेळा पुढे आल्यावर कुठे रुचते. मोबाइल दाखवून भरवलं तर घास जातो, पण पोट भरल्याची जाणीव बाळापर्यंत पोचत नाही.

कडक मात्र एकाच बाबतीत राहायचं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं हाताशी नकोत. वर्षाच्या आत मध नको. खाताना बाळ ताठ बसलेलं हवं, आणि मोठं माणूस शेजारी हवंच, फोन वाजला तरी.