उसनं फुप्फुस

एक्मो या यंत्रावर असलेल्या मुलाची छाती जेमतेम हलते. पहिल्यांदा आत आलेले आईवडील तिथेच थबकतात. श्वास चाललेला असतो तो पलंगाशेजारी. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या कॅन्युला नावाच्या नळीतून काळपट रक्त बाहेर येतं, पंपातून ऑक्सिजनेटरमध्ये जातं आणि लालभडक होऊन परत शिरेत येतं. ऑक्सिजनेटर म्हणजे बारीक पोकळ तंतूंचा गठ्ठा. तंतूंच्या आतून वायू, बाहेरून रक्त. ऑक्सिजन रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड निघून येतो.

दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असतं ८०० मिलिलिटरच्या आसपास. पंप मिनिटाला जवळपास लिटरभर फिरवतो. एवढ्याशा जिवासाठी नळ्या आधीच रक्तपेढीच्या रक्ताने भराव्या लागतात, नाहीतर त्याचं स्वतःचं रक्त नळ्यांतल्या द्रवानेच पातळ होऊन जाईल.

यंत्र सांभाळणारा परफ्युजनिस्ट टॉर्च मारून ऑक्सिजनेटरचे कोपरे बघत राहतो, कुठे काळी गुठळी धरली का ते. गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन चालू असतं आणि तेच जास्त झालं तर मेंदूत रक्तस्राव होतो. नळी थरथरायला लागली की समजायचं, शिरेतून पुरेसं रक्त ओढलं जात नाहीये. वीज गेली तर बॅटरी. तीही दगावली तर हाताने फिरवायचा दांडा असतो, तो मशीनजवळच ठेवलेला.

एवढा सगळा खटाटोप करून हे यंत्र बरं काहीच करत नाही. इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, अॅडिनोव्हायरस किंवा गोवराचा न्यूमोनिया असा चढला की वायुकोश पाण्याने भरतात आणि एक्स-रेत फुप्फुस पांढरंफट्ट दिसतं. व्हेंटिलेटरचा दाब वाढवत न्यावा लागतो, आणि तोच दाब पुढे फुप्फुसाला इजा करतो. एक्मोमुळे हा दाब उतरवता येतो. विषाणूशी लढायचं ते मुलाच्या शरीरानेच. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार श्वसनाच्या कारणासाठी एक्मोवर घेतलेल्या मुलांपैकी साधारण ६० टक्के वाचतात. हा आकडा वाचताना लक्षात ठेवायचं ते एवढंच, की बाकीचे सगळे उपाय हरल्यावरची ही मुलं आहेत.

फुप्फुस सावरलं का, हे पाहायची रीत मला फार आवडली. रक्त फिरतंच ठेवायचं, फक्त ऑक्सिजनेटरला जाणारा वायू बंद करायचा. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण टिकलं तर नळी काढायची तयारी. नाही टिकलं तर वायू पुन्हा सुरू, आणि परीक्षा पुढच्या दिवशी.

मुंबईजवळच्या आपल्या कल्याणशी या यंत्राचं नातं ओढूनताणूनच लावायचं, तर ते फिलाडेल्फियामार्गे लागतं. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. तान्हं मूल दहा दिवसांत गेलं आणि त्या वैद्यकाकडे वळल्या. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्याच शहरात जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी हार्ट-लंग मशीन लावून पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. पण रक्त आणि वायू थेट भिडत असल्यामुळे रक्तपेशी फुटत, म्हणून ते यंत्र काही तासांपलीकडे चालेना. मधे पडदा आला तेव्हा तास दिवसांवर गेले. १९७५ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला अशा यंत्रावर ठेवून वाचवलं.

आपल्याकडे एक्मोबद्दल जाग आली ती स्वाइन फ्लूने. ऑगस्ट २००९मध्ये पुण्यात एक शाळकरी मुलगी गेली, देशातला तो पहिला बळी. त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या हिवाळ्यात ६८ फ्लू-रुग्ण एक्मोवर घेतले गेले होते. बहुतेक मोठी माणसं, पण त्यातले बरेच वाचले. पुढच्याच वर्षी एक्मो सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली.

कल्याणच्या मुलाला यंत्राआधी रस्ता भेटतो. मोठी रुग्णालयं मुंबईत, परळला, म्हणजे पन्नासेक किलोमीटरवर. एकीकडून पत्रीपूल आणि शिळफाटा, दुसरीकडून दुर्गाडी आणि भिवंडी बायपास. पत्रीपूल २०२१मध्ये नवा झाला, कोंडी जुनीच आहे. व्हेंटिलेटरवरचं मूल अशा रस्त्याने नेणं हाच एक उपचार समजायला हवा, आणि तोही धोक्याचा. १०८च्या सगळ्याच रुग्णवाहिका त्या तयारीच्या नसतात. म्हणून मोठ्या केंद्रांची टीम कधी कधी स्वतः मशीन घेऊन रुग्णाकडे येते, तिथेच कॅन्युला घालते आणि मग मूल हलवते. खर्च मात्र लाखांत, आणि रोजच्या रोज. या खर्चाविषयी आईवडिलांशी आडपडदा न ठेवता बोललं पाहिजे, नळी घालायच्या आधी.

खरी घाई मात्र त्याच्याही कितीतरी आधी करायची असते. दोन महिने ते वर्षाच्या आतलं बाळ मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास घेत असेल, वर्ष ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त, तर ते ‘नुसतं कफ झालाय’ नसतं. बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर वाफारे थांबवून थेट रुग्णालय गाठायचं. त्या दिवशी ऑक्सिजन मिळाला तर बहुतेक मुलांना एक्मोचं नावही ऐकावं लागत नाही. २०२२च्या गोवराच्या साथीत भिवंडीतही मुलं दगावली. तिथे तर वेळेत घेतलेली लसच पुरली असती.

एवढं करूनही मूल घसरतच गेलं, तर कल्याणच्या डॉक्टरने एक्मो केंद्राला फोन करायला उशीर करू नये. व्हेंटिलेटरवर आठवडा उलटला की फुप्फुसाची इजा वाढत जाते आणि एक्मोचा उपयोग घटतो. पलीकडून प्रश्न ठरलेले: व्हेंटिलेटरवर कितवा दिवस, दाब किती, रक्तातला ऑक्सिजन किती, मेंदूत रक्तस्राव नाही ना, आणि वजन, कारण कॅन्युलाची जाडी त्यावर ठरते. उत्तर कधी असंही येतं: आत्ता नको, पालथं झोपवून बघा, चार तासांनी परत फोन करा.