मुखपट्टीखालचा उन्हाळा

वैशाखातल्या दुपारी मलकापूर, नांदुरा किंवा शेगावच्या रस्त्यावरची रहदारी पाहा. पारा 43 अंश सेल्सियसच्या घरात गेलेला असतो. सायकलवर किंवा मोटारसायकलवर जाणारे बहुतेक लोक डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून घेतात. डोळे तेवढे उघडे. त्यांना कोणी म्हटले, "एवढ्या उन्हात हे कापड कशाला? काढून टाका," तर ते हसतील. कापडामुळेच ऊन सोसवते, हा त्यांचा अनुभव आहे.

आता दुसरी गोष्ट आठवा. 2020 साली कोविडची साथ आली आणि तोंडावर मुखपट्टी, म्हणजे मास्क, सक्तीचा झाला. महाराष्ट्रात ही सक्ती 2 एप्रिल 2022 रोजी उठली. त्या काळात देवळाची रांग असो की उद्यानातल्या पाळण्यांसमोरची, सगळ्यांची तक्रार एकच होती : "जीव गुदमरतो!" ऊन तेच, कापडही दोन्हीकडे. मग दुपट्टा सुखाचा आणि मुखपट्टी त्रासाची, असे का?

हा प्रश्न साथीपुरता नाही. खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाची धूळ उडते, तेथे तोंड झाकावे लागते. पिकावर औषध फवारतानाही झाकावे लागते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. संरक्षक साधनांचा अभाव हे त्यामागचे एक कारण होते. उकाड्यात नकोसे वाटणारे साधन खुंटीवरच राहते किंवा हनुवटीवर येते. आणि हनुवटीवरची मुखपट्टी काहीच अडवत नाही.

श्वासातले पाणी

आरशावर तोंडाने वाफ सोडा. आरसा धुरकट होतो. आपला उच्छ्वास सुमारे 34 अंश तापमानाचा असतो आणि बाष्पाने जवळजवळ संपृक्त असतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. पळताना हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. हे सारे बाष्प मुखपट्टीवर आदळते. काही बाहेर जाते, काही कापडात मुरते आणि काही ओठ व कापड यांच्यामधल्या पोकळीत साचते.

आता घामाकडे वळू. घाम आला म्हणजे शरीर थंड होते असे नाही. घाम वाळला, तरच ते थंड होते. एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेकडून सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. मुखपट्टीखालची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. ती आणखी बाष्प घेईना, की गालावरचा घाम तसाच राहतो. म्हणजे आपल्याला छळतो तो कापडाचा जाडपणा कमी आणि न वाळलेला ओलावा जास्त.

दुपट्टा सैल असतो. त्याच्या पदरांतून वारा खेळतो, ओलावा लगेच उडून जातो. शिवाय 43 अंशांच्या हवेपेक्षा आपला उच्छ्वास थंड असतो! त्यामुळे दुपट्ट्याखाली नाकाला लागणारी हवा बाहेरच्या लूपेक्षा निवलेली आणि किंचित दमट असते, आणि ऊन थेट चेहऱ्यावर पडत नाही. मुखपट्टी मात्र घट्टच हवी. फटी राहिल्या तर तिचा उपयोग काय? 1910-11 साली मांचुरियात प्लेगची साथ आली, तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी कापूस आणि जाळीदार कापडाच्या मुखपट्टीचा आग्रह धरला. तो हार्बिनचा गोठवणारा हिवाळा होता. आपण तेच साधन वैशाखात वापरतो.

प्राणवायू कमी पडतो म्हणून गुदमरते, ही समजूत मात्र चुकीची आहे. प्राणवायूचे रेणू कापडाच्या छिद्रांपेक्षा लक्षावधी पटींनी लहान असतात. ते सहज आत-बाहेर जातात. मुखपट्टीने झाकला जाणारा भागही अंगाच्या शंभरातला एखाद-दुसराच भाग असतो. पण चेहऱ्याची त्वचा उष्णतेला फार संवेदनशील असल्याने तेवढ्यानेही सारे अंग तापल्यासारखे वाटते.

प्रयोग करून पाहा

दोन साधे तापमापक सावलीत टांगा. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा आणि पंख्याने वारा घाला. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी पहिला 43 अंश दाखवत असेल, तर दुसरा 23 अंशांपर्यंत उतरू शकतो. वाळ्याच्या पडद्याचे आणि कूलरचे रहस्य हेच. हाच प्रयोग पावसाळ्यात करा. 30 अंशांच्या दमट हवेत ओला तापमापक जेमतेम दोन-तीन अंशच उतरेल. दोन्ही वेळच्या नोंदी वहीत ठेवा.

मग काय करावे?

वरच्या प्रयोगावरून वाटेल, की मुखपट्टीच भिजवावी. तसे करू नका! कापडाची छिद्रे पाण्याने भरली, की श्वास घेणे जड जाते आणि मुखपट्टीची गाळण्याची शक्तीही घटते. ओले फडके मानेवर आणि डोक्यावर ठेवा. मुखपट्टी कोरडी ठेवा. उकाड्यावरचा खरा उपाय एवढाच.

सहलीला निघताना दोन-तीन मुखपट्ट्या जवळ असू द्या. एक ओली झाली, की बदला. कापड ओठांना चिकटणार नाही अशी शिवण निवडा. कापडी मुखपट्टी साबणाने धुऊन उन्हात वाळवा. दवाखान्यात वापरतात त्या मुखपट्टीच्या मधल्या थरातील तंतूंवर विद्युतभार असतो. धुतल्यावर तो नाहीसा होतो, म्हणून ती धुऊन वापरू नये. रांगेत सावली धरा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. गर्दीपासून दूर, मोकळ्यावर आलात, की मुखपट्टी उतरवून चेहरा वाळू द्या. खेळताना, पळताना ती लावू नका. फवारणीला साधी मुखपट्टी पुरत नाही, हेही घरी सांगा. विषारी वायू कापडातून आरपार जातात.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी जाणवली, तर मुखपट्टी लगेच काढा आणि सावलीत बसून पाणी प्या. एखादा असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजा. त्याला सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्या. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

पुढच्या उन्हाळ्यात मुखपट्टीखाली उकडू लागले, तर आधी तिला बोट लावून पाहा. ती ओली लागेल. तीच बदलायची वेळ.