विमान आकाशांत, सारथी बांधावर

गडहिंग्लजच्या परिसरांत हिरण्यकेशीकांठचा ऊस डोक्याहून उंच झाला, कीं पाठीवर पंप घेऊन त्यांत फवारणी करणें दुष्कर होतें. पात्यांनीं अंग कापतें आणि औषधाचे तुषार श्वासांत शिरतात. हा धोका केवळ उसापुरता नाहीं. 2017 मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेनें 20 हून अधिक शेतकरी व मजूर दगावले.

ड्रोन म्हणजे वैमानिकाविना उडणारें लहान विमान. फवारणाऱ्यास तें पिकाबाहेर, बांधावर उभें ठेवतें. कोल्हापूर जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रांत येतो, त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें याचें शिक्षण हातीं घेतलें आहे. 2021 च्या नियमांप्रमाणें चालकाच्या प्रमाणपत्रासाठीं वयाचीं 18 वर्षें पूर्ण व दहावीची परीक्षा उत्तीर्ण असावी लागते.

अशा शिक्षणांत आधीं नियम व हवामान, मग संगणकावरील लुटुपुटीचें उड्डाण आणि शेवटीं प्रत्यक्ष यंत्र, असा क्रम असतो. उड्डाणापूर्वीं पंखे, बॅटरी व टांकी तपासावी. मोकळीक असलेल्या क्षेत्रांतहि 400 फुटांपलीकडे जाऊं नये. वारा वाढतांच यंत्र उतरवावें, कारण शेजारच्या विहिरींत वा मधमाश्यांवर पडलेला थेंब परत घेतां येत नाहीं.

बोटांचें कौशल्य थोड्या दिवसांत साधतें. केव्हां उडवूं नये, हें कळण्यास विवेक लागतो. तो ज्याच्या अंगीं बाणला, त्याच्यावर गांवानें आपला मळा निःशंकपणें सोंपवावा.