भूप की देशकार? दाबा बटण!

समजा, विद्यापीठात संगीताचा तास चाललाय. तानपुरा सुरू आणि हातात चक्क मोबाइल! ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये आपण खेळतो तोच ‘काहूट’ हा क्विझ-गेम, २०१३ साली नॉर्वेतून आलेला. मॅडम आलाप ऐकवणार, तुम्ही ओळखायचं: संध्याकाळचा भूप की सकाळचा देशकार?

दोघांचे सूर तेच ५: सा रे ग प ध. पण भूप गंधारावर रेंगाळतो, देशकार धैवतावर. गोची इथेच आहे, बॉस! गेममध्ये पटकन दाबणाऱ्याला जास्त पॉइंट्स, आणि रागाचा फंडा नेमका उलटा. आधी थांबा, ऐका.

प्रश्नाची वेळ ४ मिनिटांपर्यंत वाढवता येते म्हणा. तरी काही बोटं दहाव्या सेकंदालाच पळणार. पळू देत! देशकारला ‘भूप’ म्हणून शून्य मिळालं, की पुढच्या वेळी धैवताची वाट बघतीलच.