उलटे मांजर, अर्धा षटकोन

ठोकळ्यांच्या प्रोग्रॅमिंगमध्ये आज्ञा टाइप करायची नसते, उचलून जोडायची असते. पडद्याच्या एका कडेला रंगीत ठोकळ्यांची रास असते: हालचालीचे निळे, रूप बदलण्याचे जांभळे, घटनांचे पिवळे, नियंत्रणाचे नारिंगी. त्यातला एक ओढून दुसऱ्याखाली नेला की खाचेत खाच बसते आणि दोन्ही आज्ञा एका माळेत येतात. खरी बुद्धी आहे ती या ठोकळ्यांच्या आकारात. ‘हिरवा झेंडा दाबला की’ या ठोकळ्याचा माथा टोपीसारखा फुगीर असतो, त्यामुळे त्याच्यावर काहीच बसत नाही; माळ तिथूनच सुरू होते. ‘कायम करत राहा’ या ठोकळ्याची खालची कड सपाट असते. जे कधी संपणारच नाही त्याच्यानंतर काय करायचे हा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून खाली खाचही नाही. हो-नाही असे उत्तर देणारे ठोकळे षटकोनी असतात आणि षटकोनी जागेत तेच बसतात.

टाइप करून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये एक स्वल्पविराम किंवा कंस चुकला तरी नवशिक्याच्या तोंडावर न समजणाऱ्या संदेशांची रांग येऊन आदळते. ठोकळ्यांत व्याकरणाची चूक करताच येत नाही. चूक होते ती विचारात. आणि विचारातली चूक पडद्यावर नाचताना दिसते, ती शेजाऱ्याला दाखवता येते, तिच्यावर दोघांना मिळून हसता येते. एकमेकांना मदत करणे आणि एकमेकांची गंमत करणे या दोन सवयी ठोकळेकारांच्या जगात इतक्या पक्क्या रुजल्या, त्यामागे हे साधे कारण आहे.

या सवयींची मुळे ठोकळ्यांच्याही आधीची आहेत. १९६७ मध्ये अमेरिकेत सीमूर पॅपर्ट, वॉलेस फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. मुले ज्ञान स्वतः घडवतात असे मांडणाऱ्या झ्याँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हात काम केले होते. पुढे लोगोत कासव आले. ‘शंभर पावले पुढे’, ‘नव्वद अंश उजवीकडे’ असे सांगितले की कासव चालते आणि मागे रेघ ओढत जाते. हीच जोडी चार वेळा सांगितली की चौकोन तयार.

चौकोन जमलेले मूल त्रिकोणाकडे वळते आणि बहुतेक वेळा एका ठरावीक जागी अडखळते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे शाळेत शिकलेले असते. म्हणून ते तीन वेळा पुढे जाऊन तीन वेळा ६० अंश वळायला सांगते. पडद्यावर येतो अर्धा षटकोन, एका बाजूने उघडा. इथे जाणता सोबती ‘६० च्या जागी १२० लिही’ असे सांगून मोकळा होऊ शकतो. पॅपर्टच्या परंपरेत तो तसे करत नाही. तो म्हणतो, आता तूच कासव हो. मूल उठते, जमिनीवर त्रिकोणाच्या एका बाजूने चालत जाते, टोकाशी थांबते आणि पुढच्या बाजूला तोंड करण्यासाठी वळते. वळताना अंगालाच कळते की हे वळण मोठे आहे. आतला कोन ६० चा असला तरी पाय वळतात ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे १२० अंशांतून. तीन वेळा १२० म्हणजे ३६०, एक पूर्ण गिरकी. तीन वेळा ६० म्हणजे जेमतेम अर्धी, आणि म्हणूनच आकृती अर्ध्यावर थांबली. ही मदत पाठ होत नाही, अंगात मुरते. ज्याला ती मिळाली त्याला पंचकोनासाठी पुन्हा कुणाला विचारावे लागत नाही.

पॅपर्ट यांनी १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात हा विचार मांडला आणि शिकण्याच्या जागेचा नमुना म्हणून वर्गाऐवजी रिओ दी जानेरोच्या सांबा शाळांकडे बोट दाखवले. तिथे लहान-थोर, नवखे-मुरलेले एकाच अंगणात नाचतात, आणि शिकवणे त्या नाचण्याच्या ओघातच होऊन जाते. मराठी वाचकाने ढोल-ताशा पथकाचा संध्याकाळचा सराव डोळ्यांसमोर आणावा: नवा मुलगा आधी मागे उभा राहून नुसते ऐकतो, शेजारच्याचा हात बघत टिपरू चालवतो, आणि त्याचा ठेका चुकला की हशा पिकतो, पण त्याला कोणी बाहेर काढत नाही. पॅपर्ट यांना संगणकाभोवती असेच काहीसे हवे होते.

ते प्रत्यक्षात आणण्याचे मोठे काम त्यांचे शिष्य मिचेल रेझनिक यांनी केले. १९९३ मध्ये रेझनिक, नॅटली रस्क आणि स्टीना कुक यांनी बॉस्टनच्या संगणक संग्रहालयात ‘कॉम्प्युटर क्लबहाउस’ सुरू केले. गरीब वस्त्यांतली मुले शाळा सुटल्यावर तिथे येत, चित्रे-संगीत-चलचित्रे करत, आणि मोठी माणसे शिक्षक म्हणून नव्हे तर जोडीदार म्हणून त्यांच्या बाजूला बसत. अशा मुलांच्या हाती देण्याजोगी प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी एमआयटी मीडिया लॅबमधल्या रेझनिक यांच्या गटाने ‘स्क्रॅच’ तयार केली. २००७ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. लेगोच्या विटांवरून जोडण्याची कल्पना आली आणि नाव आले डीजे मंडळींकडून. ते तबकड्या हाताने मागेपुढे घासून जुन्या गाण्यांतून नवे काही काढतात, ती क्रिया म्हणजे स्क्रॅचिंग. दुसऱ्याचे घेऊन त्याचे वेगळे काही करणे हे असे नावातच आले. २०१३ मध्ये दुसरी आणि २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती आली. आज नोंदणी केलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे.

स्क्रॅच उघडले की एक केशरी मांजर समोर उभे असते. जवळजवळ प्रत्येक मूल आधी त्याला चालवते: हिरवा झेंडा दाबला की, कायम, दहा पावले चाल. मांजर सुसाट जाते आणि पडद्याच्या कडेला अडकते. मग ‘कडेला लागलास तर उलट फीर’ हा ठोकळा सापडतो. मांजर कडेला आपटते, परत फिरते, आणि डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत उलट दिशेने चालू लागते. वर्गात या क्षणी हमखास खसखस पिकते. कारण साधे आहे. दिशा अंशांत मोजली जाते. उजवीकडचे तोंड डावीकडे करायचे म्हणजे १८० अंश फिरायचे, आणि चित्र खरोखरच १८० अंश फिरते. कागदावर काढलेले मांजर तेवढेच फिरवले तरी तेही उलटेच दिसेल. फिरण्याची पद्धत ‘फक्त डावे-उजवे’ अशी निवडली की मांजर सरळ होते. ती पद्धत निवडण्याचा ठोकळा कुठे आहे हे सांगायला पाच सेकंद लागतात. मांजर उलटे का झाले हे कागद फिरवून दाखवायला मिनिटभर. चांगला मदतनीस ते मिनिट देतो.

दुसरी नेहमीची चूक इतकी बोलकी नसते. ‘चेंडूला लागलास तर एक गुण वाढव’ असे सांगितलेले असते, तरी गुण वाढतच नाहीत. संगणकाने प्रश्न विचारलेला असतो, पण एकदाच, खेळ सुरू होताक्षणी, जेव्हा चेंडू दूर असतो. तो प्रश्न ‘कायम’च्या पोटात घातला की तो पुन्हा पुन्हा विचारला जातो आणि खेळ जिवंत होतो. अशा वेळी मदत मागणाऱ्याला तीन गोष्टी सांगता आल्या तर निम्मे काम झालेले असते: काय व्हायला हवे होते, काय झाले, आणि कोणते ठोकळे कोणत्या क्रमाने लावले. पुष्कळदा हे सांगता सांगताच विचारणाऱ्याला उत्तर सापडते.

स्क्रॅचमध्ये कोणाचाही प्रकाशित प्रकल्प ‘आत पाहा’ म्हणून उघडता येतो. त्यातले ठोकळे वाचता येतात, बदलता येतात आणि बदललेला प्रकल्प ‘रीमिक्स’ म्हणून पुन्हा मांडता येतो. मूळ कर्त्याचे श्रेय द्यायचे आणि नवे कामही तितकेच मोकळे ठेवायचे, अशा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली हे सारे चालते. सुरुवातीच्या काळात यावरून मुलांत पुष्कळ रुसवेफुगवे झाले. माझे चोरले, अशा तक्रारी येत. म्हणून मूळ कर्त्याचे नाव प्रत्येक रीमिक्सवर आपोआप छापण्याची सोय झाली. पण आंद्रेस मोनरॉय-हर्नांदेझ, बेंजामिन माको हिल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक हृद्य गोष्ट दिसली. यंत्राने छापलेल्या नावाचे मुलांना फारसे मोल वाटत नव्हते. रीमिक्स करणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले ‘ही कल्पना अमक्याची, त्याचे आभार’ त्यांना कितीतरी मोठे वाटे. यंत्र नोंद ठेवते. कृतज्ञता माणसाने व्यक्त करावी लागते, हे ती मुले नेमके ओळखून होती.

देण्याघेण्यातून मैत्री कशी जुळते याचे एक उदाहरण स्क्रॅचच्या निर्मात्यांनी २००९ च्या आपल्या लेखात नोंदवले आहे. ब्रिटनमधल्या १५ वर्षांच्या एका मुलीने हलती पात्रे काढली आणि ती कोणीही वापरावीत असे जाहीर केले. दहा वर्षांच्या एका मुलीला ती आवडली. तिने उंचावरून दिसणाऱ्या डोंगराचे चित्र काढून मागितले आणि खेळ बनवणाऱ्या आपल्या चिमुकल्या ‘कंपनी’त येण्याचे आमंत्रणही दिले. काही दिवसांत न्यू जर्सीचा १४ वर्षांचा मुलगा आपणहून आला: चुका शोधायला मी मदत करतो, म्हणाला. पुढे आयर्लंडचा ११ वर्षांचा मुलगा सामील झाला, कारण सरकती पार्श्वभूमी करण्यात त्याचा हातखंडा होता. चौघांत वयाचा मान कुठेच आडवा आला नाही. ज्याला जे येते ते त्याने करायचे, एवढाच नियम.

आता गमतीकडे. ठोकळेकारांचा विनोद बहुधा शब्दांचा नसतो, वागण्याचा असतो. ‘पळणारे बटन’ हा त्यातला एक लाडका प्रकार. पडद्यावर मोठे लाल बटन असते, वर लिहिलेले असते ‘मला दाबा’. बाण जवळ नेला की बटन उडी मारून दुसरीकडे जाते. कितीही झडप घातली तरी हाती लागत नाही. फसलेला माणूस आधी चिडतो, मग हसतो, आणि मग ‘आत पाहा’ म्हणून आत डोकावतो. आत असतात चारच गोष्टी: हिरवा झेंडा, कायम, ‘बाण टेकला तर’, आणि ‘कुठल्याही जागी जा’. घटना, पुनरावृत्ती, अट आणि यादृच्छिकता या चार कल्पना एका थट्टेत बसलेल्या असतात. जो फसला तोच आता दुसऱ्याला फसवण्यासाठी त्या शिकून घेतो. विनोद आणि मदत इथे एकाच धाग्याने विणलेले असतात, कारण थट्टेची युक्ती लपवून ठेवण्याची सोयच नाही.

निर्मातेही यात मागे नाहीत. स्क्रॅचच्या पात्रांत गिगा, टेरा, नॅनो आणि पिको अशी मंडळी आहेत. लाख कोटींपासून लाख-कोटीव्या भागापर्यंतची मोजमापे मुलांची सवंगडी होऊन बसली आहेत. एका वर्षी एक एप्रिलला टोपीच्या ठोकळ्यांना मांजराचे कान आणि डोळे फुटले होते. स्क्रॅचमधूनच निघालेल्या ‘स्नॅप’ या भाषेची कथा आणखी रंगतदार आहे. येन्स म्योनिग आणि बर्कली विद्यापीठाचे ब्रायन हार्वी यांच्या या भाषेचे आधीचे नाव ‘बीवायओबी’, म्हणजे ‘बिल्ड युअर ओन ब्लॉक्स’: आपले ठोकळे आपण घडवा. अमेरिकेत हीच चार अक्षरे मेजवानीच्या आमंत्रणावर लिहिली की ‘दारू आपापली आणा’ असा अर्थ होतो. काही शिक्षकांना हे रुचले नाही आणि नाव बदलले. नव्या भाषेच्या बोधचिन्हाचे नाव मात्र अलोन्झो राहिले, गणिती अलोन्झो चर्च यांच्यावरून, आणि त्याच्या डोक्यावरच्या केसांचा आकार आहे ग्रीक लॅम्डा अक्षराचा. चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनावर स्नॅपचे सारे सामर्थ्य उभे आहे. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ते नुसते गमतीदार केस वाटतात. एक दिवस कुणीतरी त्याला अर्थ सांगतो.

मस्तीला कुंपणेही आहेत. स्क्रॅचमध्ये एका पात्राच्या हव्या तितक्या प्रती करता येतात. प्रतीने प्रत काढावी, तिने आणखी काढावी, अशी खोडी प्रत्येक पिढीतले कोणीतरी करतेच. पण ३०० प्रतींनंतर भाषा नवी प्रत काढत नाही. खोडी होते, पडदा मांजरांनी भरतो, संगणक वाचतो. माणसांच्या बाबतीत असा आकडा घालून देता येत नाही. नवख्याच्या प्रश्नाची थट्टा झाली तर तो पुन्हा विचारत नाही, आणि त्याचे शिकणे तिथेच थांबते. म्हणून चूक हसण्याजोगी असली तरी हसू चुकलेल्यापासून सुरू व्हावे, ही रीत जाणत्यांनी सांभाळली. मदतीतही अतिरेक होतो. तयार ठोकळ्यांची पूर्ण माळ हातात दिली की मागणाऱ्याचा खेळ चालतो, पण पुढचा खेळ त्याला एकट्याने बांधता येत नाही.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी एक जवळचा धागा आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक श्रीधर अय्यर यांच्या पुढाकाराने शाळकरी मुलांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पाठ्यपुस्तकमाला तयार झाली, आणि तीही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळी ठेवली गेली. तिच्यात तेजस आणि ज्योती ही दोन मुले आहेत आणि त्यांना शिकवणारा मोझ नावाचा उंदीर. प्रोग्रॅमिंगची पाळी येते तेव्हा हा उंदीर दोघांना घेऊन स्क्रॅचच्या मांजराकडे जातो. आपल्याकडे अनेक शाळांत एका संगणकाभोवती तीन-चार मुले दाटीने बसतात. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याचे बोट पडद्यावर, तिसऱ्याला आपली पाळी कधी येते याची घाई. मांजर उलटे झाले की तिघे एकदम हसतात, आणि ते सरळ कसे करायचे ते तिघांपैकी कोणालातरी आधी सुचते.